फडताळातलं बोंडलं

“खा म्हणते ना! दोन झाले म्हणजे झालं काय? तिसरा कोण खाईन, शेजारीण?”

ओरडत होते ती मीच. पदर खोचून, हातात डिंकाचा लाडू धरून, सकाळी नऊ वाजता, आमच्या अकोल्याच्या घरात, बाळंतीण लेकीच्या खाटेसमोर. माझा आवाज तसा नावाजलेला आहे. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. वर्गात मी नुसतं ‘सातपुडा’ म्हटलं की बाहेर मैदानावर कवायत करणारी पोरं आपोआप उत्तरेकडे तोंड करायची.

“आई, आता नाही जात,” लेक म्हणाली. “गळ्यापर्यंत डिंक आलाय.”

“गळ्यापर्यंत येऊन काय करते? वीतभर खाली उतरला पाहिजे.”

एरवी ती हसली असती. आमच्या घरात माझ्या असल्या बोलण्यावर हसायची रीतच आहे. त्या दिवशी हसली नाही. बाळंतपणाला बारा दिवस झालेले, पोटावर टाके, आणि मांडीवर माझा नातू मुठी वळून, लालबुंद होऊन रडत होता. छातीशी धरला की चार घोट ओढायचा, सोडायचा, पुन्हा रडायचा. दूध कमी पडत होतं. सगळ्या घराला एवढी एकच काळजी होती.

दवाखान्यातून घरी येताना तिनं रिक्षातच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. “आई, मला याला माझंच दूध पाजायचं आहे. कितीही रडला तरी वरचं काही द्यायचं नाही. सिस्टर म्हणाल्या, वरचं दिलं की तो ओढत नाही, अन् ओढलं नाही की येत नाही. तू मदत करशील ना?”

“देवाशप्पथ,” मी म्हणाले. रिक्षावाल्यानंही मान हलवली, इतक्या जोरात म्हणाले.

आता माझी ख्याती सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही लेक झाली तेव्हा मला म्हणे इतकं दूध होतं की आमच्या गल्लीतली पाच पोरं माझ्यावर वाढली. मागच्या आळीतली जुळी तर दिवसातून दोनदा रांगेत यायची. तरी उरायचं, ते तुळशीला घालायचे. तुळस माडीच्या कठड्यापर्यंत गेली आणि तिला आधाराला बांबू लावावा लागला. ही कथा मी प्रत्येक बारशाला सांगितली, प्रत्येक हळदीकुंकवाला सांगितली. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला अमरावतीची मंडळी आली तेव्हा पोह्यांवर कोथिंबीर घालता घालता सांगितली. आमचे हे तुळशीचा उल्लेख आला की उठायचे आणि म्हणायचे, “मोटर बंद करून येतो.” मोटर कधीच सुरू नसायची.

लेक ही कथा ऐकतच मोठी झाली. त्यामुळे दूध हा आमच्या घरचा वारसा आहे, जसं कुणाकडे शेत असतं तसं, अशी तिची समजूत होती. “तुला एवढं होतं, मग मलाच काहून नाही?” असं तिनं दहाव्या दिवशी मला विचारलं. मी म्हणाले, “तू लाडू खात नाहीस म्हणून.”

म्हणून मग लाडू. मी पेटले. डिंक, मेथी, खारीक, खोबरं, सुंठ, खसखस. तेल्हाऱ्याहून माझ्या नणंदेनं घरच्या गाईचं तूप पाठवलं, ते सगळं त्यात रिचवलं. लाडू असे वळले की एक हातातून निसटून फरशीवर पडला तेव्हा खालचे भाडेकरू वर धावत आले, “काकू, काय कोसळलं?” सकाळी अळिवाची खीर, दुपारी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, संध्याकाळी शतावरी घालून दूध, अधूनमधून लाडू. मधल्या वेळात शेक, ओव्याची धुरी आणि माझी व्याख्यानं.

अमरावतीच्या विहीणबाईंनीही डबा पाठवला. नारळात केलेले अळिवाचे लाडू, सुपारीएवढे. वकिलाची बायको, मोजकं बोलणारी बाई, लाडूही मोजकेच. मी डबा उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हे लाडू आहेत की पोरांच्या गोट्या?” आणि डबा फडताळात मागं सारला. अकोल्याच्या बाळंतिणीला अमरावतीच्या लाडवानं दूध आलं असतं तर मी तोंड कुठं दाखवलं असतं!

तेराव्या दिवशी वजनाला गेलो. काटा पाहून सिस्टर म्हणाल्या, “थोडं मागं आहे. घाबरू नका. मला दाखवा बरं तुम्ही कसं घेता ते.”

लेकीनं बाळाला छातीशी धरलं. सिस्टरनं त्याला थोडं वर उचललं, पोट आईच्या पोटाला लावलं, त्यानं मोठा आ करेपर्यंत थांबल्या आणि मग झटक्यात जवळ नेलं. “नुसतं टोक द्यायचं नाही. तोंड भरून घेऊ द्या.” आणि काय सांगू, त्या खोलीत गट् गट् असा आवाज यायला लागला. बारीक, पण आवाज. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. ती बोर्डात पहिल्या दहात आली होती तेव्हासुद्धा तिचा चेहरा असा झाला नव्हता.

“येतंय की,” सिस्टर म्हणाल्या. “दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा तरी घ्या. मागेल तेव्हा. झोपला असेल तर उठवून. चार दिवसांनी या.”

“अन् लाडू?” मी विचारलं.

“खाऊ द्या ना आवडत असतील तर. भूक लागते बाळंतिणीला. पण आजी, दूध लाडवातून येत नाही. बाळ ओढेल त्यातून येते.”

दिवसदिवस शेगडीसमोर उभी असलेल्या बाईला हे सांगायचं! मी रस्ताभर त्या सिस्टरच्या वयाचा हिशेब लावत आले. माझ्या पायमोज्याएवढी पोरगी.

घरी पोचलो आणि विहीणबाईंचा फोन आला. “वजन किती भरलं?” त्यांनी विचारलं. एवढंच. मी आकडा सांगितला. मग त्या म्हणाल्या, “बरं. भरेल.”

त्या ‘बरं’मध्ये मला काय काय ऐकू आलं! अकोल्यावाल्यांनी आमच्या नातवाला उपाशी ठेवलं, असं अख्खं निकालपत्र ऐकू आलं. आज मला वाटतं, त्या बाईनं फक्त ‘बरं’ म्हटलं होतं.

दुपारी लेकीला तेल लावून, न्हाऊ घालून, शेकून झोपवलं. नातू चुळबुळ करायला लागला. मी त्याला उचललं. ती अर्धवट डोळे उघडून म्हणाली, “दे इकडे, घेते.”

“झोप तू. मी फिरवते जरा. आईला झोप नसली की दूध आटते,” मी म्हणाले. हे वाक्य तर खरंच होतं. खोट्याला टेकू द्यायला मी नेहमी खरं वाक्य वापरते.

त्याला घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटलं. फडताळाच्या वरच्या फळीवर, पापडांच्या डब्यामागं, फडक्यात गुंडाळलेलं एक बोंडलं होतं. वाटीसारखं, पुढं चोच काढलेलं, पोराच्या तोंडात दूध सोडायचं. जर्मन सिल्व्हरचं. चोचीवर इवलेइवले खड्डे होते, दातांचे. ते दात माझ्या लेकीचे.

तर आता सांगून टाकते. गल्लीतली पाच पोरं नव्हती. जुळीही नव्हती. तुळस होती, पण ती आपली गुडघ्याएवढीच. ही लेक झाली, पहिल्याच आठवड्यात माझं दूध कमी पडलं आणि तिसऱ्यात संपलं. माझ्या सासूबाई मला झोपवायच्या, पोरीला उचलून याच स्वयंपाकघरात आणायच्या, दार लोटायच्या आणि याच बोंडल्यानं गाईचं दूध पाजायच्या. बाहेर कुणी विचारलं की सांगायच्या, “आमच्या सुनेला भरपूर आहे हो.” मला खाली पाहावं लागू नये म्हणून सांगायच्या. त्यांचं खोटं एवढंसं होतं, बोंडल्याएवढं. मी ते फुगवून गल्लीएवढं केलं. इतक्या वेळा सांगितलं की ती जुळी मला दिसायलासुद्धा लागली होती. एकाच्या गालावर तीळ होता.

आणि सासूबाईंच्या त्या मायेपायीच माझं दूध गेलं असेल, हे मला त्या दिवशी कळलं नाही. दवाखान्यात सिस्टरनं तेच तर सांगितलं होतं. पण मी तेव्हा तिचं वय मोजत होते.

नातवानं बोंडलंभर दूध चुटकीसरशी संपवलं. पाणी घातलेलं गाईचं दूध. एवढ्या लहान जिवाला ते देऊ नये, असं दवाखान्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, आणि वाचायचं काम मी जन्मभर केलं होतं. तो चार तास झोपला. घर कसं शांत झालं. लेकही झोपली. उठली तेव्हा म्हणाली, “एवढा वेळ रडला नाही?”

“लाडू लागू पडून राहिले,” मी म्हणाले.

तिनं आपणहून डब्यातून लाडू काढला आणि उभ्यानं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारी. मग सकाळी अंघोळीच्या वेळी. मग कुणी बाळंतविडा घेऊन आलं की त्या गडबडीत. चार दिवसांनी काट्यावर नातू चांगला भरला. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच अमरावतीला फोन लावला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकवलं, “विहीणबाई, वाढलं! डिंकाची कमाल! पुढल्या महिन्यात याला उचलायला दोन माणसं पाठवा!”

“बरं,” विहीणबाई म्हणाल्या.

लेक हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. बाळंतपणातला तिचा तेवढा एक चांगला दिवस, आणि तो मी बोंडल्यानं आणला होता.

त्यानंतर मात्र उतरण लागली. छाती भरून यायची ती येईना. नातवाला जवळ घेतलं की तो दोनदा ओढायचा, चिडायचा, मान फिरवायचा. का नाही फिरवणार? स्वयंपाकघरात आयती धार होती. लेक त्याला या बाजूनं घ्यायची, त्या बाजूनं घ्यायची, सिस्टरनं दाखवलं होतं तसं पोटाला पोट लावायची. एकदा भिंतीला डोकं टेकून म्हणाली, “आई, त्याला मी नकोच आहे बहुतेक.”

“काहीतरीच काय बोलून राहिली!” मी ओरडले. मोठ्यानं ओरडलं की मला स्वतःला ऐकू येत नाही, ही माझी जुनी सोय आहे.

तिनं सिस्टरना फोन केला. त्या घरी आल्या, कामावरून जाताना, वाकडी वाट करून. सगळं पाहिलं. छाती पाहिली, पकड पाहिली, लंगोट किती ओले होतात ते विचारलं. मग म्हणाल्या, “वजन वाढतंय आणि दूध कमी होतंय, हे जमत नाही. वरचं काही देता का?”

लेक माझ्याआधी बोलली. “नाही सिस्टर. आईनं शपथ घेतलीय. आई असं नाही करणार.”

“छे! घरात साधं बोंडलं नाही आमच्या!” मी म्हणाले. माझ्या पाठीमागं, स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून, फडताळाची ती फळी दिसत होती.

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात पोरानं उत्तर फिरवलं की मी त्याच्याकडे जसं पाहायची तसं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “आजी, पोरीला आराम द्यायचाच असेल तर भांडी घासा, कपडे धुवा. बाळ मात्र तिच्याजवळच राहू द्या.”

“मी भूगोल शिकवलाय, मला शिकवू नका,” मी म्हणाले. याचा त्याच्याशी काय संबंध, ते मलाही आजतागायत कळलेलं नाही.

एक दिवस मी खरंच थांबले. बोंडलं काढलंच नाही. नातू रडला, ती उठली, त्याला घेतलं. त्यानं मान फिरवली. ती पुन्हा घ्यायची, तो पुन्हा फिरवायचा. तासभर ते चाललं. तिचे डोळे गळत होते आणि त्याचेही. असेच आणखी चार दिवस काढले असते, तर कदाचित जमलं असतं. सिस्टरना खरं सांगितलं असतं तर त्यांनी वाट दाखवली असती, त्यासाठीच तर ती बाई वाकडी वाट करून आली होती. पण तासाभरानं माझा धीर सुटला. “दे मी फिरवते,” म्हणाले, आणि दार लोटलं.

सव्वा महिना झाला तेव्हा डॉक्टरांनी पावडरचा डबा लिहून दिला. “काही जणींना येत नाही. मनाला लावून घेऊ नका,” ते म्हणाले. चांगला माणूस. त्याला काय माहीत, दार कोण लोटत होतं.

अमरावतीहून जावई गाडी घेऊन आले. मी ओटी भरली, नातवाला काजळ लावलं, डिकीत लाडवाचे दोन डबे ठेवले. पावडरचा डबा लेकीनं पिशवीत तळाशी, कपड्यांखाली ठेवला होता, कुणाला दिसू नये असा. गाडीत बसताना तिनं माझ्या पाया पडून म्हटलं, “तुझ्यासारखं नाही जमलं मला, आई.”

तेव्हा सांगायचं होतं. गाडी सुरू नव्हती झाली, जावई टायर पाहत होते, वेळ होता. ‘माझ्यासारखंच झालं गं पोरी, अगदी माझ्यासारखंच,’ एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? जन्मात मी कधी शब्दाला कमी पडले नाही. मी म्हणाले, “जाऊ दे, होते असं. पोचल्यावर फोन कर.”

आमचे हे माझ्याकडे पाहत होते. त्या दिवशी ते मोटर बंद करायला गेले नाहीत.

तीन वर्षांनी दुसऱ्या वेळेस मी खोली रंगवून घेतली, खाटेला नवी गादी केली, डिंक आणला. फोन केला, “कधी येतेस?” ती म्हणाली, “मोठ्याची शाळा आहे आई. इथंच करते.” शाळा कसली, बालवाडी. पण मी हो म्हणाले.

नात झाली, आणि पंधरा दिवसांनी मी लाडू घेऊन अमरावतीला गेले. बसमध्ये डबा मांडीवर होता. मी शेजारणीला काहीसुद्धा सांगितलं नाही. बडनेऱ्यापर्यंत गप्प बसले, यावर माझ्या घरचा कुणी विश्वास ठेवणार नाही.

लेक खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, पायाखाली पाट, मांडीवर उशी, आणि उशीवर नात. गट् गट् आवाज दारापर्यंत येत होता. विहीणबाई दाराबाहेर वेताच्या मोड्यावर बसून मटार सोलत होत्या. नात रडली की त्या उठायच्या, तिला उचलायच्या, लेकीच्या हातात द्यायच्या, पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या आणि पुन्हा मटार. भेटायला आलेल्या बायांना बाहेरच चहा देऊन वाटेला लावायच्या. दिवसभर मी पाहिलं. दुसरं काहीही केलं नाही त्या बाईनं. पोर उचललं की आईकडे, दुसरीकडे कुठंच नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्या लाडवाला गोट्या म्हटलं होतं.

“तुमी बसा आत,” त्या मला म्हणाल्या. “मायलेकी बोला.”

मी आत गेले, दार उघडंच ठेवलं. आणि सांगितलं. सगळं सांगितलं, बोंडलं, फडताळ, पापडांचा डबा, सिस्टरसमोर बोलले ते. मग मागं जाऊन सासूबाईंचं सांगितलं, चोचीवरचे दात कुणाचे ते सांगितलं, तुळस गुडघ्याएवढी होती तेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जेवढी होती तेवढीच सांगितली, आणि ती फारच थोड्या वेळात संपली. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. “तुह्यात काही कमी नव्हतं,” मी शेवटी म्हणाले. “कमी मी केलं.”

लेकीनं नातीचं पुढं सरकलेलं टोपरं कानावर सारखं केलं. मग तिला छातीपासून सोडवलं, उभं धरलं, माझ्या खांद्यावर आधी पंचा टाकला आणि मग नातीला दिलं.

“हिचा ढेकर काढ,” ती म्हणाली. “स्वयंपाकघरात नको नेऊ.”